कुलूपरावांनी तोडलेलं कुलूप

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तीस वर्षं काढली की माणसाचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरतं. बाकी सगळीकडे, अगदी मेहुणीच्या तोंडीसुद्धा, ते कुलूपरावच. लोकांनी हे नाव चिडवायला ठेवलं होतं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं, त्यामुळे चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

नाव पडलं ते असं. लिफ्टच्या कामात एक नियम असतो. यंत्राला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि कुलपाला लाल पाटी लटकवायची. पाटीवर नाव, तारीख, काम. किल्ली एकच, ती कुलूप घालणाऱ्याच्या खिशात. काम संपलं की ज्याने घातलं त्यानेच काढायचं. साहेब येवो नाहीतर इमारतीचा मालक येवो, दुसऱ्याने त्या कुलपाला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि घाई असली की सगळेच त्याला थोडीशी मुरड घालतात. कुलूपराव घालत नसत. एकदा त्यांचा जोडीदार कुलूप घालून बसला आणि आईला बरं नाही असा निरोप आला म्हणून तसाच घरी पळाला, किल्ली खिशात. इमारत नऊ मजल्यांची. काम संपलेलं, लिफ्ट ठणठणीत, फक्त कुलूप निघायचं बाकी. व्यवस्थापकाने कटर आणून यांच्या हातात दिला. कुलूपरावांनी तो भिंतीशी ठेवला आणि स्विचबोर्डासमोर स्टूल टाकून बसले ते चार तास बसले. माणसं पिशव्या घेऊन नऊ-नऊ मजले चढत होती आणि जाता जाता त्यांचा उद्धार करत होती. जोडीदार गावाच्या दुसऱ्या टोकाहून आला, त्याने किल्ली फिरवली, तेव्हा कुठे हे उठले.

या हट्टामागे कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ते लिफ्टच्या टपावर बसून दोर तपासत असताना खाली एका सहकाऱ्याने त्यांचं कुलूप तोडून स्विच टाकला. त्याला वाटलं, माणूस जेवायला गेला असेल. लिफ्ट वीतभर हलली असेल नसेल, पण उजव्या बुटाचं टोक तुळईखाली चेपलं. बोट थोडक्यात वाचलं. कुलूपरावांनी पाच ओळींचा अहवाल लिहिला आणि त्या सहकाऱ्याची नोकरी गेली. त्याला दोन लहान मुलं होती हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी एकही ओळ कमी केली नाही. तो बूट त्यांनी टाकला नाही. घरी कपडे धुण्याच्या मशीनशेजारच्या फळीवर तो अजून आहे. त्यात ते सुटे स्क्रू ठेवतात.

त्याच फळीखाली ‘डबा’ होता. डबा म्हणजे एका कचेरीने टाकून दिलेला कॉम्प्युटर. त्या कचेरीची लिफ्ट यांच्याकडे होती. दरवाज्यापाशी टाकून ठेवलेलं ते धूड त्यांनी विचारून उचललं, घरी आणून साफ केलं, आत मोठी डिस्क बसवली आणि त्याचा घरचा सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली ठेवायचं सामाईक कपाट, इतकंच. बायकोला त्यांनी तसंच समजावलं होतं. कपाटातली वस्तू कुणीही, कुठूनही, फोनवरून काढून घ्यावी. हे स्वतः लिफ्टच्या यंत्रखोलीत उभे राहून घरातल्या डब्यातली वायरिंगची ड्रॉइंग फोनवर उघडायचे, आणि उघडली की आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघायचे.

अडचण एकच होती. बायको ज्या प्रोग्रामवर ध्वनिमुद्रण करायची तो फक्त विंडोजवर चालायचा आणि बारा वर्षं तिचा हात त्यावर बसलेला होता. कुलूपरावांची ड्रॉइंग आणि फायली वाटायची सगळी व्यवस्था मात्र लिनक्सवर होती. ते त्यांनी स्वतः धडपडत शिकून उभं केलं होतं, त्यामुळे त्यांचा त्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता. मग एकाच डब्यात त्यांनी दोन्ही सिस्टीम बसवल्या. डबा सुरू केला की आधी विचारायचा, कोण हवंय? मोठ्या डिस्कवर बायकोची विंडोज आणि तिथेच ‘सामाईक’ नावाचं एक फोल्डर. त्यात दोन्ही सिस्टीमनी वस्तू ठेवायच्या आणि घ्यायच्या. एका ओट्यावर दोन जावांनी स्वयंपाक करावा तसा हा प्रकार होता. एका वेळी एकीनेच ओट्याशी उभं राहायचं, आणि जाताना आपली भांडी आवरून जायचं. बायको प्रकरण वाचून ‘सामाईक’मध्ये ठेवायची. कुलूपराव संध्याकाळी लिनक्स सुरू करायचे आणि डबा ते प्रकरण वाचनालयाकडे रवाना करायचा.

वाचनालय म्हणजे अंध वाचकांचं. कुलूपरावांची बायको शाळेत शिकवायची. नोकरी सोडली तरी मोठ्याने वाचून दाखवायची तिची हौस संपली नाही, म्हणून ती या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू लागली. निजायच्या खोलीतलं मोठं कपाट रिकामं करून आत रजया टांगल्या होत्या. इस्त्रीच्या टेबलावर मायक्रोफोन, त्याची लांब वायर डब्यापर्यंत नेलेली, समोर पुस्तक. त्या कपाटात अर्धवट शिरून ती वाचायची तेव्हा बाहेरून फक्त तिची पाठ दिसायची. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकावरच्याला पहिल्या खेपेला कळेल असा होता.

त्या वर्षी ती करारांच्या कायद्याचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक वाचत होती. ते हवं होतं एका टेलिफोन ऑपरेटरला. पंचेचाळिशीचा गृहस्थ, जन्मापासून दृष्टी नाही, एका मोठ्या कचेरीत फोन जोडून द्यायचं काम. नोकरी सांभाळून कायद्याची परीक्षा देत होता, आणि ही त्याची शेवटची संधी होती. यापुढे वयाची अट आड येणार होती. हे पुस्तक त्याला वाचून देणारं दुसरं कुणी नव्हतं. दर शनिवारी सकाळी त्याचा फोन यायचा. अमुक पानावरचं वाक्य नीट कळलं नाही, तमुक कलम पुन्हा सांगाल का, असं चालायचं. एकमेकांना कधी भेटलेले नसूनही दोघांच्या तासभर गप्पा व्हायच्या.

आठ प्रकरणं झाली आणि बायकोचा आवाज बसला. बसला तो उठेना. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरयंत्राच्या पट्टीवर गाठ. गाठ साधी होती, पण काढायलाच हवी होती. त्यानंतर तीन आठवडे तोंडातून ब्र काढायचा नाही. आवाज परत येईल, डॉक्टर म्हणाले, पण हाच येईल असं सांगता येणार नाही. तोवर बोलणं बेताचं ठेवा. परीक्षा महिन्यावर आलेली आणि चार प्रकरणं बाकी. नऊ, दहा, अकरा, बारा. बायकोने घरातलं बोलणं बंद केलं. भाजीवाल्याला हातवारे, नवऱ्याला चिठ्ठ्या, आणि उरलासुरला आवाज कपाटात. कोमट पाणी पीत, पानापानाला थांबत तिने तीन दिवसांत चारही प्रकरणं वाचली. एवढं करून संपल्यावर ती कपाटातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की कुलूपरावांना तिच्या लग्नातल्या चेहऱ्याची आठवण झाली. तसं ते म्हणालेही. तिने चिठ्ठीवर लिहिलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, बुटांकडे बघत होतात.

मात्र ही चारही प्रकरणं तिने साठवली नव्हती. तिची तशी सवयच होती. आधी मधले खोकले काढायचे, चुकलेली वाक्यं काढायची, आणि मग स्वच्छ प्रत साठवायची. कच्चं काम ‘सामाईक’मध्ये ठेवायला तिचं मास्तरीण मन तयार होत नसे. कुलूपरावांनी यावरून तिला कितीदा टोकलं होतं. मग त्यांनीच तोडगा काढला होता. काम अर्धवट असेल तर मशीन बंद करू नकोस, गाढ झोपव. विंडोजमध्ये ती सोय आहे. मशीन आपल्या डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं आणि मग पूर्ण बंद होतं, दिवासुद्धा लागत नाही. पुन्हा उठवलं की सगळं होतं तसं पुढ्यात. जाताना ते डिस्कवर खूण ठेवून जातं की माझं काम इथे अर्धवट आहे. ती खूण दिसली की दुसरी सिस्टीम डिस्क फक्त वाचायला उघडते, तिच्यावर काही लिहीत नाही. हे बायकोला समजावून सांगताना कुलूपराव खूश झाले होते. म्हणाले होते, बघ, यालासुद्धा कुलूप आणि पाटी ठाऊक आहे.

तर मंगळवारी सकाळी बायको धाकट्या बहिणीबरोबर ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना गेली. ऑपरेशन गुरुवारी होतं. डबा झोपलेला होता. आठच्या सुमाराला कुलूपरावांना साइटवरून फोन आला की एका ड्रॉइंगमध्ये दोन वायरी बदलून दहाच्या आत पाठवा, माणसं खोळंबली आहेत. त्यांनी डबा सुरू केला, लिनक्स निवडली, ‘सामाईक’मधलं ड्रॉइंग उघडलं, वायरी बदलल्या आणि साठवायला गेले. साठवेना. डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडली आहे, दुसऱ्या सिस्टीमचं काम अर्धवट आहे, असा संदेश आला.

आता इथे करण्यासारख्या गोष्टी बऱ्याच होत्या. किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह लटकत होता, त्यावर ड्रॉइंग साठवता आलं असतं. मेहुणीला फोन करून बायकोला विचारता आलं असतं. विंडोज उठवून समोर काय उघडं आहे ते नुसतं बघता आलं असतं. कुलूपरावांना यातलं एकही सुचलं नाही, कारण त्यांचं डोकं फिरलं होतं. साइटवरून दुसरा फोन आला, मग तिसरा. आणि खरं सांगायचं तर फोनपेक्षाही त्यांना झोंबला तो नकार. कचऱ्यातून उचलून आणलेलं हे खोकं, यांनी पुसलं, यांनी जोडलं, आणि ते यांनाच सांगतंय की थांबा. बाहेर आयुष्यभर लोकांच्या कुलपांची राखण केलेली. निदान घरात तरी कुणाला विचारायचं कशाला?

जोर करून डिस्क उघडायची आणि झोपेची खूण पुसून टाकायची एका ओळीची आज्ञा असते. ती त्यांना माहीत होती. त्यासोबत इशाराही असतो की दुसऱ्या सिस्टीमचं न साठवलेलं काम जाईल. तो त्यांनी वाचला. तिचं सगळं ‘सामाईक’मध्ये असतंच, असं मनाशी म्हणाले आणि बटण दाबलं.

ड्रॉइंग साठवलं गेलं. दहाला वीस मिनिटं असताना ते पोचलंसुद्धा. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सहज ‘सामाईक’ उघडलं. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं, असं करत आठवं. त्यापुढे काही नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि विंडोज सुरू केली. ती नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी कोरी करकरीत उघडली. बायकोचा प्रोग्राम बंद होता. तो उघडला तर आत रिकामा. त्यानंतर दोन तास त्यांनी डिस्कचे सगळे कोपरे धुंडाळले, तात्पुरत्या फायली पाहिल्या, पुसलेलं परत आणणारे प्रोग्राम चालवले. चार प्रकरणांतला एक शब्दसुद्धा कुठे सापडला नाही. बायकोच्या घशातला उरलेला सगळा आवाज तिने ज्यात घातला होता ते त्यांनी एका ओळीत पुसलं होतं. ते कपडे धुण्याच्या मशीनशेजारच्या ओल्या फरशीवर तसेच बसले.

मग त्यांच्या मनात एक वाक्य तयार झालं. डबा जुना झाला होता, डिस्कने दगा दिला. एवढंच म्हणायचं. डब्यातलं कळणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. बायकोने विश्वास ठेवला असता, वर त्यांचीच समजूत काढली असती. खोटं बोलायचा सराव नसलेल्या माणसाच्या मानाने वाक्य चांगलं जमलं होतं. त्यांनी ते एकदा हलक्या आवाजात म्हणूनही पाहिलं. उठताना त्यांनी आधारासाठी फळीला हात घातला आणि हात त्या चेपलेल्या बुटावर पडला. आतले स्क्रू खुळखुळले. त्यांना तो सहकारी आठवला. त्यालाही वाटलंच होतं की माणूस जेवायला गेला असेल.

कामाच्या पिशवीत कंपनीचे अपघात-अहवालाचे फॉर्म असायचे. त्यातला एक काढून ते जेवायच्या टेबलाशी बसले.

बायको आणि मेहुणी बाराला आल्या. मेहुणीने दारातच जाहीर केलं की डॉक्टरांनी आजपासूनच तोंड बंद ठेवायला सांगितलंय, सूज वाढली आहे, एक अक्षरही नाही, आणि भावजींनीही उगाच बोलायला लावू नये. बायको हसून डब्याकडे निघाली. खोकले काढायचं काम तोंड बंद ठेवून होण्यासारखं होतं. कुलूपरावांनी तिला थांबवलं आणि फॉर्म पुढे केला. त्यावर लिहिलं होतं:

‘दिनांक: आज. वेळ: सकाळी साडेनऊ. कुलूप कुणाचं: बायकोचं. कुणी तोडलं: मी. कुलूप घालणाऱ्याला विचारलं का: नाही. विचारणं शक्य होतं का: होतं. नुकसान: प्रकरण नऊ ते बारा, संपूर्ण. कारण: घाई आणि माज.’

तिने ते उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. पर्समधून पेन काढलं. तिने एका शब्दातली वेलांटी दुरुस्त केली, पेन बंद केलं, आणि निजायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मेहुणीने फॉर्म उचलून वाचला, भावजींकडे एकदा पाहिलं, आणि एरवी जिची जीभ टाळ्याला लागत नाही ती बाई काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

दुपार अशीच गेली. बायको बोलत नाही ती डॉक्टरांच्या हुकमाने की आपल्यावर रागावून, हे कळायला कुलूपरावांना काही मार्ग नव्हता. एरवी तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं आणि अर्ध्या तासात प्रकरण मिटलं असतं. आता तेही नाही. आपण तिचं वाचन घालवलं ते घालवलंच, वर तिला ओरडताही येत नाही, हेच त्यांच्या मनात घोळत राहिलं. तीस वर्षांत त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पाचला दार उघडलं. डोळे सुजलेले होते. एका हातात कायद्याचं पुस्तक, दुसऱ्या हातात चमचा. फॉर्मच्या मागच्या बाजूला तिने लिहून आणलं होतं:

‘नऊ ते बारा तुम्ही वाचायचं. आत्ता सुरू करा. मी शेजारी बसते. मला खूप राग आलेला आहे. आवाज परत आला की तो काढीन.’

कुलूपराव गयावया करू लागले. आपला आवाज हा लिफ्टच्या खड्ड्यात नवव्या मजल्यावरून तळाशी ओरडायचा आवाज. कायद्याचा आपला संबंध काय? तिने पुस्तक उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं.

पहिल्याच वाक्याला स्वयंपाकघरातून मेहुणीने विचारलं की भांडण कुणाशी चाललंय. बायकोने चमचा इस्त्रीच्या टेबलाच्या लोखंडी पायावर वाजवला. नियम तिने कागदावर लिहून समोर टांगले. एक टकटक म्हणजे चुकलं, वाक्य पुन्हा. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे ठीक आहे, पुढे चला. पहिल्या दिवशी एक आणि दोन यांचाच पाऊस पडला. तीन टकटक संध्याकाळभरात दोनदा आल्या. प्रत्येक पान झालं की कुलूपराव हातातलं सगळं टाकून आधी साठवत होते.

बुधवारी त्यांनी नववं प्रकरण संपवलं. गुरुवारी ऑपरेशन झालं, शनिवारी ती घरी आली, आणि घशाला पट्टी बांधूनच तिने संध्याकाळी चमचा शोधला. कुलूपरावांनी रजा काढली होती. ते दिवसभर वाचत. हळूहळू त्यांना कळू लागलं की स्वल्पविरामाला थांबलं तर ते लांबलचक वाक्य आपोआप उलगडतं, आणि ओरडलं नाही तरी माणसाला ऐकू जातं. कपाटातल्या रजयांना बायकोच्या तेलाचा वास होता. इतकी वर्षं ती या अंधारात तोंड खुपसून काय करते याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

अकरावं प्रकरण दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या वस्तूबद्दल होतं. ज्याच्या ताब्यात वस्तू दिली त्याने ती स्वतःची असल्यासारखी सांभाळली पाहिजे, असं तिथे वळणावळणाने लिहिलं होतं. कुलूपराव त्या वाक्याच्या मधोमध अडकले. घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. एक टकटक यायला हवी होती. ती आली नाही. मागे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही. बऱ्याच वेळाने ते वाक्य त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

बारावं संपलं तेव्हा परीक्षेला दहा दिवस उरले होते. खोकले आणि टकटक काढून टाकायचं काम कुलूपरावांना येत नव्हतं आणि बायकोला विश्रांती सांगितलेली होती. तिने चिठ्ठी लिहिली, तसंच पाठवा. बारा वर्षांत तिने कच्चं काम बाहेर जाऊ दिलं ते हेच. दरम्यान कुलूपरावांनी डब्याची मांडणी बदलली होती. ‘सामाईक’ फोल्डर दोन्ही सिस्टीमपासून वेगळं काढून कायम चालू राहणाऱ्या एका स्वतंत्र छोट्या खोक्यात ठेवलं. आता कुणीही झोपलेलं असलं तरी दुसऱ्याला त्याच्या डिस्कला हात लावायचं कारण उरलं नाही. एवढ्यानेही त्यांचं समाधान झालं नाही. डब्याच्या बटणापाशी त्यांनी एक हूक ठोकला आणि कामावरची एक कोरी लाल पाटी बायकोच्या हातात दिली. तिने त्यावर नाव, तारीख आणि काम लिहिलं, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘विशेषतः तुम्ही’ असंही लिहिलं.

शनिवारी सकाळी ऑपरेटरचा फोन आला. वाचनालयाकडून चारही प्रकरणं मिळाली होती. कुलूपरावांनी फोन उचलला आणि त्याने काही विचारण्याआधीच सगळं सांगून टाकलं. बाईंनी तुमच्यासाठी वाचलेलं होतं, ते माझ्या हातून गेलं, आणि म्हणून तुम्हाला माझं ऐकावं लागतंय. ऑपरेटरने शांतपणे ऐकून घेतलं.

“आवाजाची सवय व्हायला एक पान लागलं,” तो म्हणाला. “पण मला त्या टकटकीचं विचारायचं होतं. एक वाजली की तुम्ही वाक्य परत वाचता. म्हणजे अवघड वाक्यं मला दोनदा ऐकायला मिळाली. ती वाजवणाऱ्या बाईच ना?”

कुलूपरावांनी विचारलं की हे कसं ओळखलं.

“त्या वाक्याच्या मध्ये कधी तोडत नाहीत. चूक झाली तरी वाक्य संपू देतात आणि मग वाजवतात. वाचतानाही तशाच थांबायच्या.” मग जरा घुटमळून त्याने विचारलं, “बऱ्या आहेत ना त्या? अकराव्यात एका ठिकाणी बराच वेळ काही वाजलंच नाही. मला काळजी वाटली.”

कुलूपरावांनी फोन बायकोपुढे धरला. स्पीकरवर तिने सगळं ऐकलं होतं. तिने टेबलावरचा चमचा घेतला आणि फोनजवळ तीनदा वाजवला. पलीकडे तो हसला, म्हणाला की कळलं, मग मीही लागतो अभ्यासाला, आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर पाच दिवसांनी तीन आठवडे पुरे झाले. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आता बोला म्हणाले. दवाखान्यात ती काही बोलली नाही. रस्त्यात नाही, जिन्यात नाही. डॉक्टरांना दुर्बिणीतून काहीतरी वाईट दिसलं असेल आणि ते आपल्यापासून लपवत असतील, या शंकेने कुलूपरावांच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. घरी आल्यावर तिने दार लावलं, कोमट पाणी प्यायलं, फॉर्म शोधून टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची दाखवली. ते बसले.

“तीन दिवस,” ती म्हणाली. “तीन दिवस घसा फाडून वाचलं मी.”

आवाज आला होता. पहिल्यासारखा नव्हता. जाड झाला होता, खालच्या पट्टीत गेला होता, कडेला थोडी खरखर होती. पण शेवटच्या बाकावर पोचला असता. त्या आवाजात ती बोलत राहिली. एक फोन करता आला नाही का, जगाच्या कुलपांची काळजी आणि घरच्याचं काय, मी काय यंत्राहून हलकी आहे, लग्नात बुटांकडे बघत होतात तेव्हाच ओळखायला हवं होतं. तीन आठवड्यांचं साठलेलं होतं, त्यात आधीच्या तीस वर्षांचंही थोडंफार निघालं. कुलूपराव मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दम लागून ती थांबली. पाण्याचा घोट घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. कुलूपरावांनी वर पाहिलं, हात पुढे केला आणि टेबलावर बोटाने तीनदा टकटक केली.